मोकळी गाडी

दोंडाईच्याला मार्केट यार्डाच्या मागच्या फाटकाशी
आमचा साठ टनी वजनकाटा,
आणि खोलीत मिरचीच्या धुळीनं शिंकणारा कॉम्प्युटर.
खरंच शिंकतो. खोलला तेव्हा
पंख्यातून निघालं छटाकभर तिखट.
आप्पा म्हणाले, वरणाला चालेल.

पडद्याच्या कोपऱ्यात चार वर्षं लिहिलेलं होतं
की ही प्रत अस्सल नाही.
त्यावर मी पतपेढीच्या कॅलेंडरातली
एक लाल तारीख कापून चिकटवली.
अस्सल नव्हती, पण सकाळी सातला उठायची,
एफ-टू दाबलं की वजन धरायची, एफ-फाइव्हला चिठ्ठी.
याहून जास्त आमचं बोलणं नव्हतं.

मग एका रात्री कुणीतरी, कुठल्या देशातलं कोण जाणे,
सगळ्या चिठ्ठ्यांना कुलूप घातलं
आणि किल्लीचे पैसे मागितले
अशा नाण्यात, जे वाजत नाही.

आप्पांचा भाचा हितेंद्र धुळ्याहून आला,
खिशात पेन ड्राइव्ह, बोलण्यात पेंग्विन.
मामा, हे मोकळं आहे, आत कुणीही बघू शकतं.
कौतिक आप्पांनी चष्मा कपाळावर घेतला:
"मोकळं म्हंजे खालीच ना, भो?"

काट्यावर हा शब्द असाच चालतो.
भरलेली गाडी वजा मोकळी गाडी, उरला तो माल.
मोकळ्याचे पैसे कुणी देत नाही,
पण मोकळी तोलल्याशिवाय
मालाचा आकडाही निघत नाही.
हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी चहा सांगायला गेले.

परतले तर वाद ट्रकवर आलेला.
समजा बॉनेट वेल्डिंग करून बंद केलं,
तर घ्याल ती गाडी? हितेंद्र विचारत होता.
"मी कधी उघडस बॉनेट? सलीम मिस्तरी उघडस.
तुना पेंग्विनना मिस्तरी कथा बसस?"
जगभर बसतो, मामा.
"दोंडाईचाले?"
हितेंद्र गप्प. बाहेर शहाद्याचा ट्रक हॉर्न देत राहिला.

बसवलं शेवटी, किल्लीपेक्षा स्वस्त म्हणून.
पहिल्याच दिवशी धुडकू बोरसेंचं नाव छापून आलं:
तिरकी रेघ, के, क्यू, एम, डी, डब्ल्यू.
अकरा वर्षं मी मराठी टंकत होते,
आणि ती निघाली मराठीचे कपडे घातलेली
इंग्रजी अक्षरं.
काट्याचा आकडा केबलीतून येईना.
सुरतच्या कंपनीचा माणूस फोनवर हसला,
"बेन, ए तो एमां ना चाले."
आठ दिवस वजनं हातानं लिहिली.
आठ दिवस आप्पा काही बोलले नाहीत,
जे बोलण्याहून वाईट.

हितेंद्र नोकरीला पुण्याला गेला.
एका चिठ्ठीच्या पाठीवर चार ओळी ठेवून,
काळ्या चौकटीत टंकायच्या.
ती पासवर्ड मागते. टाकला तर काहीच उमटत नाही,
एक ठिपकासुद्धा नाही.
दोनदा वाटलं कीबोर्ड गेला.
तिसऱ्यांदा कळलं,
न दिसताही लिहिलं जातंय.

आता आकडा येतो, कधीकधी एक श्वास उशिरा.
नावं नव्यानं टंकतेय, रोज वीस.
त पर्यंत आलेय, धुडकूभाऊ अजून तिरक्या रेघेतच.
आप्पांना विचाराल तर फसलो म्हणतील.
मला विचाराल तर माझ्या बहिणीला खुशाल चालेल,
तिला फोटो बघायचेत नि लाइटबिल भरायचंय.
जिच्या टेबलावर साठ टन लोंबकळतात
तिनं आधी विचार करावा.

पण परवा छपाई अडली, फोन करायला कुणी नव्हतं,
तर मीच बॉनेट उघडलं.
निम्मं कळलं नाही.
एका ओळीच्या शेजारी कुणीतरी, कुठल्या देशातलं कोण जाणे,
लिहून ठेवलं होतं:
हे का चालतं ठाऊक नाही, काढू नका.

काट्याच्या उजव्या कोपऱ्याखाली एक लाकडी पाचर आहे.
तिच्यावर आप्पांच्या अक्षरात, खडूनं,
हेच.