पान सहा, खालचा कोपरा

आमच्या साप्ताहिकात वार्ताहर एकच, मी.
छायाचित्रकारही मीच,
आणि मंगळवारी गठ्ठे बांधायला हात कमी पडले
तर तेही माझेच.

युडोरा कीपिंग आली ती मैद्याच्या पिशवीत पुस्तक घेऊन.
बुटांना बर्फ. वय एक्याऐंशी.
'स्कल्पिन कोव्हची घरं'.
लेखिका तीच, प्रकाशक तीच,
मुद्रितं तपासायला नवरा होता, तो 'एम' अक्षरापाशी वारला.
पुढच्या आडनावांत चुका जास्त,
तिनं आधीच सांगून टाकलं.
दोनशे प्रती. एकशे चाळीस पलंगाखाली.
पलंग आता करकरत नाही, म्हणाली,
तेवढा फायदा.

स्कल्पिन कोव्ह नकाशावर नाही.
सदुसष्ट साली सरकारनं माणसं उठवली,
तेव्हा त्यांनी घरं ओंडक्यांवर चढवली,
पाण्यात ढकलली
आणि होड्यांनी ओढत खाडीपलीकडे नेली.
युडोराची चूल वाटभर पेटलेली होती
(पान बावीस).
धाकटी बहीण म्हणते, विझलेली
(तेच पान, खाली).
दोन्ही छापलंय तिनं.

संपादकांनी पुस्तक तळहातावर तोललं:
यात बातमी काय?
मला उत्तर सुचलं नाही.
त्या दिवशी कुणाच्या होडीत कोण नव्हतं,
कुठल्या भांडणानंतर कुठली विहीर खारट झाली,
कुणाची मुलगी कुणाच्या नावावर वाढली,
ही काही बातमी नव्हे.
शिवाय त्याच आठवड्यात
हॉकीच्या रिंगणात एक मूस शिरला होता.

मूस पहिल्या पानावर, चार स्तंभ, रंगीत.
युडोरा पान सहा, खालचा कोपरा,
नव्वद शब्द, हरवलेल्या कुत्र्याशेजारी.
आणि तेवढ्यातही मी तिचा फोन नंबर चुकवला.
तीनच्या जागी आठ.

आठचा नंबर लेव्हाय स्नूकचा.
तो लाकूडतोड्यांच्या करवती दुरुस्त करतो.
तीन आठवड्यांनी कचेरीच्या दारात उभा,
हातात ग्रीस लागलेली बिलं,
प्रत्येक बिलाच्या पाठीवर पेन्सिलीनं एकेक निरोप.
नऊ.
मला वाटलं भांडायला आलाय.

एकाला दोन प्रती हव्या होत्या.
एक बाई चिडलेली: आमचे आजोबा दारू गाळत नव्हते.
दुसरी, त्यांचीच नात: गाळत होते, आणि उत्तम गाळत.
एकाला नुसतं बोलायचं होतं,
लेव्हायनं पाऊण तास ऐकून घेतलं,
बिलावर फक्त 'भला माणूस' एवढंच.
नववा अल्बर्टाहून, रात्री सव्वाअकराला.
अलीकडे मी दुकानातच झोपतो, लेव्हाय म्हणाला,
म्हणून उचलला.

'बहिणीनं पुस्तक पाठवलं, आत तुमचं कात्रण.
पान एकसष्ट. अनामिक मूल, १९३८, असं आहे.
त्याला नाव होतं.
आईनं कुणालाच सांगितलं नव्हतं,
शेवटी शेवटी मला सांगितलं.
अ‍ॅब्सलम. अकरा दिवस.'

नावातली अक्षरं लेव्हायनं दोनदा विचारून घेतली होती,
खाली रेघ ओढली होती.
युडोराशी तासभर बोलून
मी एवढंच विचारलं होतं:
हे सगळं लिहावंसं तुम्हाला का वाटलं?

बिलं घेऊन गेलो.
तिनं चष्मा पुसला, वाचलं,
उताणं ठेवलं, पुन्हा वाचलं.
मग म्हणाली, पलंगाचं ते टोक धर.

खोकी बाहेर आली, एकशे एकतीस प्रती.
मी पान एकसष्ट उघडून पुढे सरकवायचो,
ती निळ्या पेननं 'अनामिक' खोडून वर नाव लिहायची,
फुंकर घालायची.
खिशात फोन थरथरत होता,
संपादकांना पुलाजवळच्या खड्ड्याचा फोटो हवा होता.

सत्तेचाळिसाव्या प्रतीला तिची बोटं आखडली.
पेन माझ्याकडे दिलं.
अक्षर काही धड नाही तुझं, म्हणाली,
पण सावकाश लिही.
आणि एकदा मला वाचून दाखव.