पेन्सिलनं लिहिलेली चाल

फरशीवर सोळा जणी मांडते.
आठ नट, आठ वायसर.
उद्यमनगरातल्या स्टोअरला एकतीस वर्षं हेच मोजलं,
तेव्हा हे नाचतील असं वाटलं नव्हतं.

नटांची रांग, समोर वायसरांची,
मधे दीड फरशी.
टिपरी स्वतःची, टिपरी समोरचीची,
उजवा खांदा देऊन पलीकडं,
नव्या शेजारणीशी एक गिरकी,
आणि बत्तिसाव्या ठोक्याला
प्रत्येक जोडी एक घर पुढं सरकलेली.
सरकलीच पाहिजे.
नाहीतर ती शाळेतली कवायत.

टोकाला नेहमी अडतं.
तिथं पुढं कुणी उरत नाही.
वहीत लिहिते: टोकाच्या दोघींनी एक फेरी थांबावं,
टिपऱ्या खाली,
जागा बदलावी, तोंड फिरवावं,
मग आत.
एवढं एक वाक्य जमायला
गौरी येऊन गेल्या.

तीन प्रती काढल्या पापाच्या तिकटीला.
एक बावड्याच्या हेमलता चौगलेला,
एक कदमवाडीच्या अभिनंदन मगदूम सरांना,
एक गंगावेशीतल्या रुकसाना बागवानला.
हाक देऊन बघा म्हटलं.
चुकली तर मला कळवा.

हेमलताचा फोन रात्री दहाला:
"काकू, गिरकीतनं बाहेर पडताना उजवा हात मोकळा ऱ्हाईना.
पोरी डाव्यानं मारालेत
आन् समोरचीच्या कपाळाला लागालंय."
खरंच की.
नटाला हात नसतात, माझ्या ध्यानात आलं नाही.

मगदूम सर नम्र माणूस, चिठ्ठी पाठवली:
'उजवा खांदा देऊन पलीकडे' हे चार ठोक्यांत
माझ्या तोंडात बसत नाही.
बरोबर. हाक आधी पडायला हवी,
केएमटीचा कंडक्टर थांब्याच्या अलीकडंच ओरडतो तशी.
वाक्य कापलं. 'उजवा, पार.'
खांदा गेला त्यात,
पण पोरी पलीकडं पोचल्या म्हणे.

रुकसानाचा काहीच निरोप नाही.
शेवटी मीच गेले.
तालमीमागं पत्र्याची शेड, दाराशी चपलांचा ढीग,
आत ती हाक देत होती, माझी चाल.
माझी कुठली!
मी गिरकी लिहिली होती तिथं ती म्हणत होती,
"थांब, बघ."
चार ठोके कुणी काही करत नाही.
नव्या शेजारणीकडं नुसतं बघायचं.
कुणी लाजतं, कुणाला हसू फुटतं,
आणि मग टिपरी पडते
ती अशी, की पत्रा वाजतो.
उजवा हात आपोआप मोकळा.

"पहिल्या दिवशी विसरले हो मावशी,
पुढची हाक सुचेना, म्हणून थांब म्हटलं.
बायांनी तेच धरलं.
तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू?"

मी पेन्सिल काढली. खोडलं. लिहिलं.
तिच्यासमोरच.

तेवढ्यात एक बाई कमी पडली,
तिचं पोर रडायला लागलं होतं,
आणि मला उभं केलं वायसरांच्या रांगेत.
दुसऱ्याच फेरीला चुकले.
उजवा कुठला, माझं घर कुठलं,
वहीतलं सगळं वरून बघितलेलं,
आत उभं राहिलं की समोर फक्त एक चेहरा असतो.
शेंबडी म्हणावी एवढ्या एका मुलीनं
कोपराला धरून फिरवलं मला,
न बोलता,
हेही चालीतच लिहिलंय अशा थाटात.

असं करत करत टोकाला पोचले.
टिपऱ्या खाली. दम लागलेला.
सगळी रांग माझ्यावाचून चाललेली,
बिनचूक.
एक फेरी किती लांब असते
हे मला ठाऊकच नव्हतं.

"तोंड फिरवा!"
रुकसाना ओरडली,
ठोक्याच्या अलीकडंच.

घरी येऊन पाहिलं तर
पायातली एक चप्पल माझी नव्हती.
चालीला अजून नाव द्यायचं होतं.