रात्रपाळीतली प्रत

सायबेरियात, ओब नदीच्या धरणाकाठी
बर्चच्या रानात वसवलेलं विज्ञाननगर.
बाहेर उणे एकतीस.
यंत्राची खोली तेवढी उबदार, कारण यंत्र तापतं,
आणि रीम्मा ल्वोव्नाने बूट काढून
पाय त्याच्या जाळीला टेकवलेत.

अर्जात रकाना होता : कामाचा हेतू.
तिने लिहिलं, चाचणी.
त्याखाली : अपेक्षित उत्तर.
तिने लिहिलं, हाच प्रोग्राम.
वेनियामिन ओसिपोविचने चष्मा कपाळावर सरकवला.
"म्हणजे सहा मिनिटं वीज जाळून
जे दिलंत तेच परत घेणार?"
"हो."
"कार्बन पेपर स्वस्त पडला असता."
सही मात्र केली. गुरुवारी रात्री
दुसऱ्या कुणाला यंत्र नको असायचं.

सोपं नाही ते. करून बघा.
स्वतःला छापायचं तर "छाप" हा शब्दही छापायला हवा,
मग "छाप हा शब्द छाप" हेही,
मग तेही.
आडात नाही ते पोहऱ्यात यायचं नाही, हे ठीक;
इथे पोहऱ्यात अख्खा आड यायला हवा होता,
दोर आणि रहाटासकट.

अकरा रात्री ती त्या शेपटीमागे धावली.
बाराव्या रात्री कोबीच्या सूपमध्ये पाव बुडवताना सुचलं :
मजकूर एकच, वापरायचा दोनदा.
एकदा हुकूम म्हणून पाळायचा,
एकदा नुसती अक्षरं म्हणून उतरवायचा.
अवतरणचिन्हांच्या आत जे झोपलंय
तेच बाहेर जागं बसून
झोपलेल्याची नक्कल करतंय.
सूप गार झालं.

पहिल्या ओळीत तिने एक टीप ठेवली,
यंत्र जिच्याकडे ढुंकूनही बघत नाही अशी :
तीखाया नोच. शांत रात्र.
टीप बाहेर हवी तशी आतही हवी,
म्हणून दोनदा.

कार्डांना भोकं पाडायला गालिया होती.
तातार, अबोल, बोटं पावसाच्या सरीसारखी नव्हेत,
शिवणयंत्रासारखी : एका लयीत, दाबून.
तिची चार वर्षांची पोर गोवराने इस्पितळात.
आत सोडत नाहीत.
रोज संध्याकाळी बर्फात उभं राहायचं,
तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे बघून हात हलवायचा,
काचेमागून परिचारिका पोरीचा हात धरून हलवते.

रात्री एकला छापील कागद बाहेर आला.
रीम्माने पट्टी ठेवून ओळ न् ओळ ताडली.
सगळं जुळलं, पहिली ओळ सोडून.
तिथे होतं : तीखाया दोच.
शांत लेक.
त्यांच्या भाषेत रात्र आणि लेक यांच्यात
अंतर एका अक्षराचं.

मूळ गठ्ठा उपसला तेव्हा कळलं.
बाहेर बरोबर पडलं होतं, नोच.
आत, अवतरणात, दोच.
करणाऱ्या भागातली अशी चूक
पुढच्या पिढीत आपोआप पुसली जाते.
जपून ठेवलेल्या भागातली
दोन्हीकडे उतरते,
आणि मग तीच खरी.

एक कार्ड बदललं की झालं असतं.
कार्ड तिने बोटांत धरलंही.
बाहेर कॉरिडॉरमध्ये गालिया टेलिफोनवर
हळू आवाजात ताप विचारत होती,
मग बराच वेळ नुसती ऐकत होती.

रीम्माने कार्ड जागेवर ठेवलं.
नवा गठ्ठा यंत्राकडूनच पाडून घेतला
आणि तो पुन्हा चालवला.
या खेपेला तंतोतंत.
अक्षर, रिकामी जागा, पूर्णविराम, सगळं.
चुकीसकट प्रोग्राम बिनचूक झाला.

"उत्तर जुळलं का?" सकाळी वेनियामिन ओसिपोविच.
"दुसऱ्यांदा."
त्याने खूण केली, अर्ज फायलीत लावला.

जुना गठ्ठा रद्दीत.
रद्दी कार्डं सगळेच घरी नेत, पाठ कोरी असते.
नोच पडलेलं ते एकमेव कार्ड गालियाच्या खिशात गेलं,
तिला काही ठाऊक नसताना.
पाठीवर पेन्सिलीने :
दूध, मेणबत्त्या,
लोकरीचे मोजे, लहान,
आणि पुढे प्रश्नचिन्ह,
कारण महिन्याभरात पाऊल
किती वाढलं असेल कुणास ठाऊक.