एका दिव्याची बचत

नोव्हेंबरात आम्ही चौघं एका घरात आलो,
स्टॉकपोर्टच्या रेल्वेपुलाच्या विटांच्या कमानींमागे,
डंकन आणि त्याचा कॅलम,
मी आणि माझी शाल्मली.
शिवाय चादरींत गुंडाळलेल्या दोन काचेच्या पेट्या.

कॅलमचा नॉर्मन, दाढीवाला सरडा,
रागावला की गळा कोळशासारखा काळा करायचा.
शाल्मलीची पोहे.
पिवळ्या अंगावर मोहरीचे ठिपके, म्हणून पोहे.
आई फोनवर म्हणाली, पैसे देऊन पाल आणलीत?
आणि एका पालीला अनेकवचन?

जिन्याखाली विजेचा मीटर.
चावीत दहा पौंड भरले की तीन दिवस चालायचा.
डंकन म्हणाला, दोन दिवे कशाला,
नॉर्मनची पेटी चार फुटी आहे, राहतील दोघं.
मीही म्हणाले, राहतील की.
तसं म्हणताना मला फार बरं वाटलं होतं,
हे आता कबूल करते.

पहिल्याच आठवड्यात फोटो काढला:
सपाट दगडावर पोहे,
तिच्या पाठीवर पोट टेकून नॉर्मन, डोळे मिटलेले.
मिठी मारलीय बघ, कॅलम म्हणाला.
मी तो सगळ्यांना पाठवला.
आईनंसुद्धा उलट एक लाल बदाम पाठवला.

घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतं.
तसं काही वाजलं असतं तर कळलं असतं.
यांचं भांडण बिनआवाजाचं:
एक जण उबेला बसतो,
दुसरा बसत नाही.

ती रात्रीची, तो दिवसाचा.
त्याचा दिवा दिवसभर तिच्या पापण्यांवर.
टाकलेले किडे कोण खातं
ते आम्ही कधी बघितलंच नाही. पेटी रिकामी झाली
की दोघं जेवले, असा आमचा हिशेब.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी
शेपटी नुसतीच पडलेली, फरशीच्या तुकड्यावर,
अजून वळवळत.
शाल्मली ओरडली नाही.
पोहेकडे न बघता तिनं आधी ती शेपटीच उचलली,
हातरुमालात घेतली आणि म्हणाली, ही जिवंत आहे.

डॉक्टर ओसेईंनी पोहेला स्वयंपाकघरातल्यासारख्या काट्यावर ठेवलं.
एकतीस ग्रॅम. एका लहानशा लाडवाएवढी.
शेपटीत तिची शिदोरी असते, त्या म्हणाल्या,
आणि ती आधीच संपत आली होती.
मी फोटो दाखवला. कशासाठी, कोण जाणे.
त्यांनी चष्मा वर केला.
ही मिठी नाही. ऊठ, ही जागा माझी, असं सांगतोय तो.
नॉर्मनच्या विष्ठेत जंतू निघाले,
त्याला त्यांचं काहीच नाही, तो गुटगुटीत,
तिला मात्र झेपतील की नाही, सांगता येत नव्हतं.
वाईट कुणीच नाही, त्या म्हणाल्या.
याला ऑस्ट्रेलिया हवा, हिला अफगाणिस्तानातले दगड,
तुम्ही दोघांना मिळून
चार फूट स्टॉकपोर्ट दिलंत.

परतताना गाडीत कुणी बोललं नाही.
मी खिडकीबाहेर बघत होते
आणि मनात जे येत होतं
ते सगळंच पालीबद्दल नव्हतं.

त्या रात्री कॅलमनं जुनी पेटी माळ्यावरून काढली,
उकळत्या पाण्यानं धुतली, बोटं लाल होईपर्यंत.
पोहेला शाल्मलीच्या खोलीत हलवलं.
दोन्ही काचांवर कागद चिकटवला, त्याच्या वाकड्या अक्षरात:
आधी पोहे. मग हात धुणे. मग नॉर्मन.
सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात;
नॉर्मन तीन दिवस काचेवर नखं घासत राहिला,
नंतर थांबला.

मे महिन्यात पोहेला नवी शेपटी आली.
वळ्या नाहीत, ठिपके नाहीत,
आखूड, फुगलेली, सलगमासारखी.
शाल्मलीला ती आवडत नाही. मला सवय होतेय.

दहा पौंड आता दोनच दिवस पुरतात.
डंकन त्यावर काही बोलत नाही.
मीटरची चावी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जातो,
येताना किड्यांचे दोन डबे आणतो,
दोन,
आणि जिन्याखाली वाकून चावी लावतो.
वरच्या दोन खोल्यांत
दोन वेगळे उजेड पडतात.