माप न घेता

रावपुऱ्यात जिन्याखालच्या खोलीत मी दात करतो.
दुसऱ्यांचे.
मेण, प्लास्टर, गुलाबी राळ,
आणि रंगांची पट्टी: पांढऱ्याच्या सोळा जाती.
माणूस हसला की मला आधी जोड दिसते.

अमावस्येच्या आसपास मात्र शटर लवकर ओढतो.
स्कूटरला गळाची काठी बांधून पादऱ्यावरून डबक्याला.
नावावर जाऊ नका,
तिथं मही एवढी रुंद होते
की पलीकडचे दिवे दुसऱ्या कुणाच्या तरी रात्रीतले वाटतात.

फतेसंग आधीच बसलेला असतो.
रंगाच्या रिकाम्या डब्यात ओलं गोणपाट,
गोणपाटात वाम.
'हातानं नको,' तो म्हणतो, 'हात तिला चालत नाही.'
खरंच, उघड्या मुठीतून ती निसटते
जसं ऐन वेळी जिभेवरून एखाद्याचं नाव.
गोणपाटाच्या चिमटीत तेवढी थांबते.
खालच्या ओठातून गळ, डोळ्याच्या बाजूनं बाहेर.
मी रोज लोकांच्या तोंडात बोटं घालणारा माणूस,
इथं दरवेळी नदीकडे बघतो.

दुसऱ्या खिशात माझी स्वतःची मासळी.
उरल्यासुरल्या राळेची, बोटभर,
पोटात शिशाचा थेंब, पाठीवर कानशीनं काढलेले खवले.
रक्त नाही, वळवळ नाही, तंगूसाला गाठी मारत नाही.
फतेसंगनं ती उलटसुलट करून पाहिली.
'दिसायला बरी. पण हिला भीती वाटत नाही.
जिताडा आधी भीती खातो, साहेब. मांस नंतर.'

तीनच्या सुमारास भरती आली.
आधी आवाज, लांब कुणी ताडपत्री ओढत असल्यासारखा,
मग पाणी उलटं चालू लागलं
आणि चिखलावरचे खेकडे एका दमात बिळात.
आम्ही चार पावलं मागे.

वाम टाकली. तंगूसातून ती बोटाला सांगत राहिली:
खाली. डावीकडे. दगड. पुन्हा खाली.
मग काहीच नाही.
मग सगळं एकदम.
'खमो!' फतेसंग ओरडला. 'काठी नमव. ओढू नको. मोज.'
एक, दोन, तीन,
आणि चाराच्या आधी हात आपोआप वर गेला.
तंगूस सैल.

परत आली ती जिवंत.
शेपटाकडची कातडी खरवडलेली.
जिताड्याला दात म्हणावेत असे नसतातच,
तोंडभर नुसता पॉलिश पेपर.
अंधारात मी त्या खरवडीवर बोट फिरवलं.
बारीक होती. शून्य नंबरची.

फतेसंगनं गळ काढला,
तिला डब्यात नाही, पाण्यात टाकलं.
'हिची पाळी झाली.'

मग माझी मासळी बांधायला घेतली.
गेल्या होळीला मी त्याला कवळी करून दिली,
हिच्याच भावंडांच्या बदल्यात.
ती तो लग्नाकार्याला घालतो. नदीवर नाही.
'इथं कुणाला दाखवायचंय?'
उरलेल्या एका सुळ्यानं त्यानं तंगूस तोडला,
थुंकला, म्हणाला, 'टाक.'

दुसऱ्याच फेकीला तो आला.
मोजायला सांगायलाही कुणाला वेळ नव्हता.
काठी पार मुठीपर्यंत वाकली,
पाण्यावर काहीतरी पालथं पडल्याचा आवाज,
आणि मग हातात फक्त काठीचं वजन.
गाठ नाही सुटली. तंगूस तुटला.

बराच वेळ दोघंही गप्प.
'भीती नव्हती तिला,' मी म्हणालो.
'नव्हती,' फतेसंग म्हणाला, आणि हसला.
तोंड दिसलं नाही. हसू नुसतं ऐकलं,
कुठंही जोड नसलेलं.

साडेदहाला दुकान उघडलं. नखांत चिखल.
कुणा मास्तरीणबाईंचा खालचा जबडा
प्लास्टरमध्ये माझी वाट बघत होता.
मी मेण तापवत ठेवलं.
आणि खाली महीत कुठंतरी एक जिताडा
ओठात माझं काम घेऊन फिरत असेल,
माप न घेता बसवलेलं
पहिलंच.