अळणी

बाबा बोट बुडवून महिना सांगायचे.
जीभ टाळ्याला लावून, डोळे मिटून:
"फेब्रुवारी. आठ दिवसांत समुद्र रोसोपर्यंत जाईल."
आणि जायचा.
सेनेगल नदी अर्धं वर्ष आमची, अर्धं वर्ष त्याची.
त्या दिवसांत आई दोन कोसांवरून विहिरीचं पाणी आणायची,
ते पिण्यापुरतं.
भात नदीच्याच पाण्यात शिजे,
त्याला मीठ लागायचं नाही.

मग दियामाला बंधारा झाला.
ढोल वाजले, बैल कापला,
कुणी भाषणात म्हणालं, आता बारमाही गोडं पाणी.
खोटं कशाला बोलू, टाळ्या मीही वाजवल्या.
सात वर्षांची होते, बाबांच्या खांद्यावर,
मला वाटलं साखर घालणार आहेत.

पाणी खरंच गोडं झालं.
ऊस वाढला, भात दोनदा निघू लागला,
आईच्या डोक्यावरची घागर उतरली.
हे आधी लिहून ठेवते,
पुढचं सांगताना विसरायला होतं.

पाणी हलेनासं झालं, एवढंच.
पाणकणीस दोन्ही काठांनी आत सरकलं,
पुरुषभर उंच. होडीला वाट विचारावी लागे.
त्याच्या देठांना गोगलगायी, नखाएवढ्या.
मिठाने मरायच्या त्या,
आणि मीठ आता बंधाऱ्याच्या पलीकडे
दारं ठोठावत उभं.
गोगलगायी खाणारी मोठी कोळंबी
पिल्लं घालायला खाऱ्यात जायची.
तीही दारांशी अडली.
बाबांचं जाळं खुंटीला गेलं, मग उंदरांना.

वर्षातून एकदा समुद्र वर यायचा,
मीठ ओवाळून नदीची दृष्ट काढून जायचा.
आम्ही त्याला हाल म्हणत होतो.

आता मी रिशार-तोलच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाशी बसते.
शाळेतून बाटल्या येतात, खोक्यात चाळीस,
भर दुपारची लघवी, काही अगदी बिस्सापच्या सरबतासारख्या लाल.
पोरं लाजत नाहीत.
एक म्हणाला, मोठं होताना सगळ्यांनाच येतं.
काचेवर अंडी दिसतात, टोकाला एकेक काटा.
मी मोजते. दहा मिलिलिटरला किती.
पन्नासच्या पुढे "तीव्र" लिहायचं.

मंगळवारी सत्ताविसाव्या बाटलीवर माझंच अक्षर होतं.
माफाल, वय आठ.
घाटावर जाऊ नको म्हटलं होतं.
पण तिथेच त्याची आजी कपडे धुते,
तिथेच मी पोहायला शिकले,
आणि दुसरा घाट आहे कुठे?
एकशे बारा.
पुन्हा मोजली. एकशे नऊ.
एकशे बारा लिहिलं.

गोळ्या आहेत.
मोजपट्टीच्या खांबाशी उभं करायचं, उंचीवरून दोन की अडीच.
त्याने घेतल्या, थोडं ओकला,
शुक्रवारी पुन्हा पाण्यात.

संध्याकाळी बाबांना सांगितलं.
काही बोलले नाहीत. काठी घेतली, उतरले,
बोट बुडवलं. जीभ टाळ्याला.
खूप वेळ.
"कोणता महिना, आजोबा?" माफालने विचारलं.
बाबांनी बोट सदऱ्याला पुसलं.
"सांगता येत नाही," म्हणाले, "सगळे सारखेच लागतात."
मग त्याला सगळं सांगत बसले: समुद्र कुठवर यायचा,
कोळंबी कशी हाताएवढी, तिच्या मिशा कशा बोटीबाहेर.
अर्धं खरं असेल.

पोरगं उठलं, घरात गेलं,
मिठाचा डबा घेऊन पळत आलं
आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून
मुठी-मुठीने पेरलं, तळ दिसेपर्यंत.
पाण्यात जाऊ नको, हे ओरडायचं मी विसरले.
आईच ओरडली, दारातून, हातात पळी:
"मेल्या, आता भातात काय घालू?"

रात्री भात अळणी होता.
बाबांनी दोनदा घेतला.