दाभण

नॉर्थ मेन रोडच्या त्या पोरानं सांगितलं होतं,
वॅक्सशिवाय धरत नाहीत.
साडेचार हजार दिले. सहा तास मान वाकडी.
एकोणतीस झाल्या. घरी येऊन पुन्हा मोजल्या,
नव्या वहीची पानं मोजावीत तशा.

तिसऱ्या आठवड्यात हेल्मेटचं अस्तर पिवळं पडलं.
उशीला वास यायला लागला,
लाइट आल्यावर विझवलेल्या मेणबत्तीचा.
स्वारगेटची सगळी धूळ
माझ्या डोक्यावर मुक्कामाला.
एक लट कापून पाहिली.
आत पांढरं, मऊ, बुरसटल्यासारखं.
केस कुठंच एकमेकांत गुंतले नव्हते,
नुसते चिकटून बसलेले
लग्नाच्या फोटोतल्या नातेवाइकांसारखे.

मग गुलटेकडीला, हौसाआत्याकडं.
ती मार्केटयार्डात बारदान शिवते.
तिनं लट नाकाशी धरली.
"पैसे देऊन?"
बास. तेवढंच विचारलं.

घमेल्यात कढत पाणी, भांड्यांचा साबण, खायचा सोडा,
रात्रभर भिजवलेला रिठा.
मी मोरीत उकिडवा.
"डोळे मीट. रिठा गेला तर बापाचं नाव विसरशील."
पहिल्या पाण्यावर मेण आलं,
गार झालेल्या रश्श्यावर चरबी धरते तसं.
दुसऱ्यावर कमी.
तिसऱ्याच्या आधी नळ गेला.
शेजारच्या शबानाभाभीनं दोन कळश्या दिल्या
आणि दारातच थांबली,
चहा उतू जाईपर्यंत.

आत्या दाभणानं गाठी सोडवत होती,
पोत्याचं तोंड उसवावं तशी,
टोकाकडून मुळाकडं,
एकदाही टाळूला न टोचता.

तिच्या जटेबद्दल घरात कुणी बोलत नाही.
मला आठवते ती. पाठीवर, दोरखंडाएवढी,
हळदीनं माखलेली.
मंगळवारी बायका आत्याच्या पाया पडायच्या,
बुधवारी तिला कुणी हळदीकुंकवाला बोलवायचं नाही.
मी सात वर्षांचा असताना दोन बाया आल्या,
तीन तास बोलत बसल्या, मग कात्री काढली.
वर्तमानपत्रावर पडली तेव्हा
जट आवाज करून पडली.
आत्या कितीतरी वेळ मान हलवून बघत होती,
उजवीकडं, डावीकडं,
नवीन खेळणं मिळाल्यासारखी.

"अकरा वर्षं," मोरीत ती अचानक म्हणाली.
"मला कुणी काही लावलं नव्हतं.
बाळंतपणात फणी राहिली, एवढंच.
सासू म्हणली, देवी आली. मी म्हणलं, आली असंल.
मान दुखायची रे.
देवीची मान कोण दाबून देतं?"

मी गप्प. कानात पाणी.
मग विचारलंच, "मी पुन्हा वाढवू? असंच, काही न लावता?"
दाभण थांबलं.
शबानाभाभीच्या कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.
"उद्या नको वाटल्या तर कापशील?"
"हो."
"कुणाला विचारून?"
"कुणालाच नाही."
दाभण पुन्हा चालू झालं.

निघताना तिनं सुतळीची कात्री
माझ्या सॅकच्या बाजूच्या कप्प्यात घातली.
"वापरू नको. राहू दे."

आता चार महिने होत आले.
मी काही करत नाही. धुतो, वाळवतो, विसरतो.
आईला वाटतं, मी सुधारलो.
ऑफिसातली मृण्मयी म्हणते, तू आजारी होतास का?
केस त्यांच्या वेळेनं एकमेकांना शोधतात,
झोपेत, हेल्मेटखाली,
कात्रजच्या घाटातल्या वाऱ्यात.
काही जमतात, काही सुटतात.
उजवीकडं तर अजून काहीच नाही.

रविवारी गुलटेकडीला गेलो.
डाव्या कानामागं एक गाठ आली होती,
ज्वारीच्या दाण्याएवढी.
आत्यानं दोन बोटांत घेतली, दाबून पाहिली.
"धरलंय," म्हणाली,
विरजणाचं झाकण उघडून म्हणावं तसं.

मग कनवटीची फणी काढून
आपल्या विरळ, पांढऱ्या केसांतून
तिनं ती फिरवली.
दोनदा. तिसऱ्यांदाही.
काही अडलं नव्हतं तरी.